जांभळीच्या चार तारांची मोहीम

सरकारांचा हुकूम जाहला की, सोमवारी जे घडले ते घरातील पुढच्या माणसांस ठाऊक असावे, सबब कागदावर यावे, आणि लिहिणाराने स्वतःची अब्रू राखण्यासाठी एकही गोष्ट गाळू नये, गाळल्यास पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागेल. सरकार म्हणजे या घरच्या धनीण. हुकूम शिरसावंद्य मानून सदरहू हकिकत जशी घडली तशी लिहिली आहे. मोहिमेचे नायक अनुक्रमराव. लिहिणाराचा आणि त्यांचा घरोबा फार जुना, इतका की दोघांत मिळून एकच चष्मा आहे. तरी पक्षपात केलेला नाही.

अनुक्रमराव हे नाव आईबापांनी ठेवलेले नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षे फायलींची सुभेदारी केली, आणि त्या एकतीस वर्षांत एकाच्या पुढे दोन आणि दोनाच्या पुढे तीन याखेरीज दुसरे काही होऊ दिले नाही, म्हणून कचेरीतल्या मंडळींनी हा किताब बहाल केला. मंडळींनी तो थट्टेने दिला आणि रावांनी तो मनापासून घेतला. निवृत्त जाहल्यावर राव घरी आले आणि घराची पाहणी केली, आणि घरात अंदाधुंदी माजली आहे असे त्यांस आढळले. मग कपाटातले टॉवेल खरेदीच्या सालाप्रमाणे लावले, औषधाच्या बाटल्या तारखेवार लावल्या, जिन्याच्या पायऱ्यांस खडूने आकडे घातले. सरकारांनी हे सर्व सोसले. मोटारीचे बॉनेट तेवढे त्या दिवसापर्यंत रावांच्या अमलाबाहेर होते.

आता मोटारीचा वृत्तांत. तिचे नाव जांभळी, रंगावरून पडलेले. ती मूळची रावांच्या सासऱ्यांची. सासरे बसडेपोच्या वर्कशॉपात फोरमन होते, हयात इंजिनांच्या पोटात हात घालण्यात गेली, आणि घरी आल्यावर कामाची गोष्ट बोलायची नाही हा त्यांचा शिरस्ता होता. गुडघे थकले तेव्हा किल्ली जावयाच्या हाती दिली आणि एवढेच फर्माविले की चालती ठेवा. जावयाने मान लवून किल्ली घेतली.

जांभळीची फौज येणेप्रमाणे. इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडर एका रांगेत उभे, आकारमान तेराशे सीसीला दोन कमी. दर सिलिंडरास दोन व्हॉल्व्ह, एक आत घेणारा आणि एक बाहेर घालवणारा. घोडे कागदोपत्री साठ, हजेरीस चाळीस-पंचेचाळीस. बाकीचे रजेवर आहेत की फरारी, याची नोंद सापडत नाही. रसदीचा बंदोबस्त कार्बुरेटराकडे. ठिणगीचा कारभार डिस्ट्रिब्युटराकडे, म्हणजे वाटीएवढी एक काळी टोपी; तिच्या मधोमध कॉइलकडून एक तार येते, तिच्याशी या बखरीचे वैर नाही, आणि कडेने चार जाड तारा निघून चार सिलिंडरांच्या चार प्लगांस जातात. साऱ्या मोहिमेचे मूळ या चार तारांत आहे, सबब वाचणाराने त्या ध्यानी ठेवाव्या.

जांभळीचे आजारही जुने आणि इमानी. थंड सकाळी चोक ओढल्याखेरीज उठत नाही, आणि जरा जास्त ओढला की पेट्रोल पिऊन प्लग ओले करून बसते. सिग्नलला उभी असता अंगात हीव भरल्यासारखी थरथरते, कारण कार्बुरेटराच्या बारीक भोकात कचरा अडकतो. व्हॉल्व्हच्या झाकणाचे गॅस्केट तेल पाझरते, त्यामुळे जांभळी कोठे कोठे मुक्कामाला होती हे रस्त्यावरच्या डागांवरून कळते. थर्मोस्टॅट मनात येईल तेव्हा अडकतो, मग पाणी फिरत नाही आणि तापमानाचा काटा तांबड्यात जातो. रावांनी या आजारांची अनुक्रमे आठ कलमांची यादी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली होती. नववे कलम राहून गेले होते, ते पुढे येईल.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी उस्तादांनी जांभळीची सर्व्हिस केली. उस्ताद म्हणजे गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्री. त्यांनी नवे प्लग घातले, कार्बुरेटर धुतला, चार तारांस सिलिंडरांच्या आकड्यांच्या कागदी चिठ्ठ्या बांधल्या, आणि जांभळी अशी चालू लागली की बॉनेटवर ठेवलेला चहाचा पेला हलेना. ही तयारी कशासाठी, तर सासरे जिन्यात पडून खुब्याचे हाड मोडले होते, ऑपरेशन होऊन आठ दिवस इस्पितळात होते, आणि सोमवारी अकराला सुटणार होते. त्यांनी लेकीजवळ एकच हट्ट धरला होता की बाहेर पडेन तर जांभळीतून. मग गाडी तयार जाहली आणि आता फक्त कोणी तिला हात लावू नये एवढेच बाकी राहिले.

शनिवारी सकाळी अनुक्रमरावांनी हात लावला.

हेतू पाक होता. सासऱ्यांची स्वारी बसणार म्हणून जातीने पाहणी करावी, ऐसे मनात आणून बॉनेट उघडले, आणि काळ्या टोपीभोवती नजर फिरवतात तो काय, चिठ्ठ्यांवर एक, मग तीन, मग चार, मग दोन. रावांच्या पायाखालची जमीन सरकली. अशी गैरलावणी त्यांनी एकतीस वर्षांत एकदाच पाहिली होती, आणि त्या कारकुनाची त्यांनी बदली करवली होती. उस्तादांचे वय जाहले, नजर गेली, ऐसा निवाडा तेथल्या तेथे करून, उस्तादांस न विचारता, तारा उपसून टोपीवर एक, दोन, तीन, चार अशा लावल्या आणि कपड्याने पुसल्या. आणि बॅटरीस विश्रांती असावी म्हणून गाडी चालू करून पाहिली नाही. त्या रात्री राव फार सुखाने झोपले, ही गोष्ट सरकारांच्या आग्रहावरून लिहिली आहे.

त्याआधी दुपारी राव बसने इस्पितळात गेले होते. सासऱ्यांची कवळी काढून ठेवलेली, औषधाची गुंगी, शब्द ओठांतच विरत होते. रावांनी खाटेशी बसून आपला पराक्रम निवेदन केला की, उस्तादांनी तारा भलत्याच लावल्या होत्या, त्या मी ओळीने नंबरवार लावल्या. ते ऐकून सासऱ्यांनी उशीवरून डोके उचलले आणि म्हणाले, “एक, तीन, चार, दोन.”

राव प्रेमाने म्हणाले, “एक, दोन, तीन, चार, बाबा.”

सासऱ्यांनी पुन्हा तेच सांगितले आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाने एकेक ठोका दिला. रावांनी पुन्हा दुरुस्ती केली, आणि बोटे वर करून मोजून दाखवली, जशी बालवाडीत दाखवतात. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी जावयाकडे टक लावून पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.  खिशातली डायरी काढून रावांनी नोंद केली: शनिवार, दुपारी चार, बाबांची गणना चुकीची. ज्या माणसाने सारी हयात इंजिनांत घालवली त्याच्या तोंडून चार आकडे निघाले तर ते कशाचे असतील, हा सवाल रावांस पडला नाही. खोटे लिहिता येत नाही म्हणून लिहिले.

मग ही खबर व्हरांड्यात सरकारांस सांगितली.  रविवारी जातीने खात्री करावी म्हणून सरकारांनी बापापुढे आपली चार बोटे धरली आणि मोजा म्हणाल्या. बापाने पहिले बोट धरले, मग तिसरे, मग चौथे, मग दुसरे, आणि लेकीला तरी समजेल या आशेने तिच्या तोंडाकडे पाहिले. लेकीने पदराने डोळे पुसले. मग परगावी असलेल्या मेहुण्यांस, म्हणजे सरकारांच्या धाकट्या भावास, फोन गेला, आणि मेहुण्यांचे फर्मान आले की, बाबांचे डोके गेले, आता घरी सांभाळणे कोणाच्याही आवाक्यातले नाही, इस्पितळातूनच त्यांना वृद्धांच्या संस्थेत न्यावे, संस्थेचे व्यवस्थापक सोमवारी साडेअकराला कागद घेऊन येतील, ताईने सही करावी. सरकारांनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. इतकेच ठरवले की बाबांचा जांभळीत बसण्याचा हट्ट पुरा करू, संस्थेत सोडायचे तर आपल्या गाडीतून सोडू.

सोमवारी सकाळी सरकार पुढे इस्पितळात गेल्या, आणि नऊ वाजता अनुक्रमरावांची खासा स्वारी इस्त्रीचा सदरा घालून अंगणात उतरली. किल्ली फिरवली. जांभळी कण्हली, थरथरली, आणि कार्बुरेटरातून असा बार काढला की भिंतीवरचे मांजर शेजारच्या आळीत गेले. पुन्हा किल्ली, पुन्हा बार, या खेपेस सायलेन्सरातून. चार सरदारांपैकी पहिला तेवढा इमानाने लढत होता, बाकीचे तिघे भलत्या वेळी तलवारी उपसून आपल्याच लोकांवर पडत होते. राव डगमगले नाहीत. कप्प्यातून आठ कलमांची यादी काढली आणि पहिल्या कलमापासून इलाज सुरू केला. चोक ओढला, चोक ढकलला, तेल पाहिले, पाणी पाहिले, कार्बुरेटरावर चापट्या मारल्या. इलाज अनुक्रमे चालल्याने सहाव्या कलमास पोचेपर्यंत दहा वाजले आणि बॅटरीने मान टाकली.

समोरचे शेजारी गॅलरीत उभे होते. त्यांची नवी गाडी इतकी मुकी की चालू आहे की बंद हे त्यांसच कळत नाही. त्यांनी आपल्या गाडीतून पोचवतो म्हणून वरून सांगितले. राव मनात म्हणाले की म्हाताऱ्याने एकच गोष्ट मागितली आहे, आणि तीही देता येऊ नये. मग शेजाऱ्यांस नको म्हणाले. तेव्हा शेजारी खाली उतरले, पेपरवाला आला, दुधाची गाडी थांबवून दूधवाला आला, आणि या कुमकेने जांभळीस पाठीमागून रेटा दिला. जांभळी बार काढीत, धूर सोडीत, एका सिलिंडराच्या भरवशावर गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि उस्तादांच्या दारात आडवी उभी राहून बंद पडली. ज्या दारी जायचे नाही असे रावांनी ठरवले होते तेथेच मुक्काम पडला.

उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. गल्लीभर झालेली तोफबाजी त्यांनी डोळे मिटून ऐकली होती. पेला खाली ठेवून त्यांनी विचारले, “हात कोणी लावला?”

रावांनी कचेरीच्या भाषेत उत्तर दिले की तारा यथाक्रम लावण्यात आल्या आहेत. कोणी लावल्या हे त्या वाक्यात नव्हते, आणि उस्तादांसही ते विचारावे लागले नाही. त्यांनी बॉनेट वर केले, टोपीकडे एकदा पाहिले, आणि मडगार्डवर बोटाने ठोके देत म्हणाले, “एक, तीन, चार, दोन.”

अनुक्रमराव जागच्या जागी थिजले. तो ठोका त्यांच्या ओळखीचा होता. इस्पितळातल्या लोखंडी दांडीवर परवा तो त्यांच्यादेखत वाजला होता, आणि त्यांनी तो बोटे दाखवून दुरुस्त केला होता.

उस्तादांनी मग समजावले की, चार सिलिंडर ओळीत उभे असले तरी ठिणगी ओळीने घेत नाहीत. एका टोकापासून ओळीने धक्के देत गेले तर आतला दांडा हिसके खातो, सबब पहिल्यानंतर तिसरा, मग चौथा, मग दुसरा, असा पाळीचा करार आहे आणि तो कारखान्यातून ठरून येतो. रावांनी अवसान आणून विचारले की हे लिहिले कोठे आहे. उस्तादांनी चिंधी रॉकेलात बुडवली, इंजिनाच्या माथ्यावरचा तेलकट थर पुसला, आणि ओतीव लोखंडात उठावाने कोरलेले चार आकडे उघडे पडले. एक, तीन, चार, दोन. अस्सल दस्तऐवज, खुद्द जांभळीच्या छातीवर, एवढी वर्षे तेथेच होता. आणि रेकॉर्ड रूमच्या सुभेदाराने बॉनेट उघडले ते तो न वाचता.

रावांनी खिशातली डायरी काढून शनिवारचे पान उघडले. आपल्या डायरीतल्या एका ओळीने एक शहाणा माणूस घराबाहेर घालवला जात आहे, हे त्यांस आता लख्ख दिसले, आणि लाज अशी वाटली की कान तापले. त्यांनी सरकारांस फोन लावला आणि घाईघाईने सर्व सांगितले की बाबांचे डोके शाबूत आहे, ते तारांचे सांगत होते, मूर्ख मी आहे, सही करू नका.

पलीकडून सरकारांनी सगळे ऐकून घेतले. मग सरकार म्हणाल्या, “अहो, परवा तुम्ही म्हणालात बाबांचं डोकं गेलं. आज म्हणता तुमचं गेलंय. मी कोणतं खरं धरू? त्या तारा लावा तशा, आणि गाडी चालू करून दाराशी आणा. साडेअकरापर्यंत मी थांबते.”

घड्याळात दहा पन्नास जाहले होते. राव तारांसाठी उस्तादांस हात जोडू लागले, तर उस्तादांनी हात मागे बांधले आणि फर्माविले की ज्याने काढल्या त्याने लावाव्या. मग रावांनी दोनच्या जागी तीन लावली, आणि तीनच्या जागी चार, आणि चारच्या जागी दोन, आणि आयुष्यात प्रथमच एक गोष्ट मुद्दाम उलटीसुलटी केली. एकतीस वर्षांची सवय बोटांत अडत होती. उस्तादांनी ओले प्लग पुसून दिले, दुसरी बॅटरी जोडली, किल्ली फिरली, आणि चारही सरदार पाळीने बोलू लागले. पेपरवाल्याने हसून टाळी दिली. रावांच्या डोळ्यांत पाणी आले, ते धुराने असे त्यांनी तेव्हा सांगितले.

पण मोहीम फत्ते होणे अजून दूर होते. अर्ध्या वाटेवर वाहनांची कोंडी लागली, जांभळी जागीच उभी राहिली, आणि काटा चढू लागला. थर्मोस्टॅटाने याच दिवशी अडकण्याचे ठरवले होते, यादीतले सातवे कलम. तेव्हा उस्तादांनी पूर्वी एकदा सांगितलेली मसलत रावांस आठवली की, गाडी तापली तर आतला हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे इंजिनाची काही उष्णता माणसांवर निघते. रावांनी काचा खाली केल्या आणि हीटर सोडला. भर उन्हात, पायांवर कढत वारा, इस्त्रीचा सदरा अंगास चिकटलेला, ऐशा थाटात स्वारी पुढे सरकत राहिली, आणि बाजूच्या बसमधले लोक खिडकीतून पाहत राहिले. काटा तांबड्याच्या काठाशी थबकला.

अकरा सत्तावीसला जांभळी इस्पितळाच्या दारात शिरली. पायऱ्यांशी व्यवस्थापक कागदांचे पाकीट घेऊन उभे होते. शेजारी चाकांच्या खुर्चीत सासरे, कवळी बसवलेली, केस विंचरलेले, मांडीवर कपड्यांची पिशवी, नजर जमिनीवर. खुर्चीमागे सरकार, हातात पेन. रावांनी गाडी बंद केली नाही. गाडी उभी करून घामाने निथळत उतरले, बॉनेट वर केले, आणि खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. येताना वाटेत तीन वाक्यांचे भाषण जुळवले होते, त्यातले एकही आठवले नाही.

“बाबा, चुकलं माझं,” राव म्हणाले. “एक, तीन, चार, दोन.”

सासऱ्यांनी मान वर केली. इंजिनाकडे कान दिला. त्यांचे बोट खुर्चीच्या हातावर चालू लागले, एक ठोका, आणखी एक, आणखी दोन, आणि इंजिनाचा आवाज त्या ठोक्यात बसला. मग ते जावयाकडे पाहून स्पष्ट शब्दांत म्हणाले, “मग शनिवारपासून मी काय सांगतोय, जावईबापू?”

आणि कोणी काही बोलण्याआधी बोट बॉनेटकडे करून म्हणाले, “थर्मोस्टॅट अडकलाय. हीटर लावून आलात ना?”

सरकार हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या, आणि खुर्चीमागून बापाच्या गळ्यात हात घालून म्हणाल्या, “बाबा, मला तरी नीट सांगायचं.” बाप म्हणाला की बोटे धरून सांगितले होते, आता आणखी कसे सांगायचे. मग सरकारांनी पेनाला टोपण लावले आणि व्यवस्थापकांस नमस्कार करून सांगितले की गैरसमज जाहला होता. मेहुण्यांस फोनवर फक्त एक ओळ गेली की बाबा आपल्या घरी येत आहेत, कारण विचारू नये, कारण लाजिरवाणे आहे.

जांभळी घराकडे निघाली. सासरे पुढच्या आसनावर, राव चाकाशी, सरकार मागे, हीटर सुरूच, तिघेही घामाघूम आणि तिघेही खुशीत. वाटेत सासऱ्यांनी तीन वेळा गिअर चुकल्याचे सांगितले, आणि रावांनी तीनही वेळा होय म्हटले.

ऐशी मोहीम फत्ते जाहली. फत्ते कोणाची, तर सासऱ्यांची, उस्तादांची आणि जांभळीच्या छातीवरल्या चार आकड्यांची. अनुक्रमराव पराभूत पक्षात होते, परंतु गाडी त्यांनीच चालवत आणली म्हणून त्यांसही मिरवणुकीत घेतले. तह येणेप्रमाणे जाहला की, सासऱ्यांनी इथेच राहावे, खालच्या खोलीत. बॉनेट त्यांच्या समक्ष उघडावे, त्यांच्या मागे उघडू नये. रावांनी उस्तादांची माफी मागावी, ती मागितली. आणि डॅशबोर्डातल्या यादीस नववे कलम जोडावे, ते सरकारांच्या अक्षरात जोडले: मालक.

एक काम उरले होते, तेही केले. रेकॉर्डातली नोंद फाडायची नाही हा रावांचा जुना नियम. म्हणून शनिवारची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली शाईने लिहिले: बाबांची गणना बरोबर, तपासणाराची चुकीची. मग डायरी सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी ती दूर धरून पाहिली, अक्षर लागेना, म्हणून चष्मा मागितला. रावांचा आणि लिहिणाराचा तो एकच चष्मा लिहिणाराने आपल्या नाकावरून काढून दिला, आणि म्हाताऱ्याने ओळ दोनदा वाचून खाली सही केली.